उघड्या गॅपमधलं शून्य

तक्रार नेमकी होती. आमच्या पत्र्याच्या कॉईल, म्हणजे गुंडाळ्या, घेणाऱ्या कारखान्यातून फोटो आले होते. प्रेसमधून निघालेल्या पॅनेलवर पुसट, वाकड्यातिकड्या रेघा उमटल्या होत्या, पाण्याच्या ओघळांसारख्या. खाली एकच ओळ लिहिली होती: कॉईल संपत आली की हे सुरू होतं.

रेघा ओळखीच्या होत्या. अ‍ॅनिलिंग करून मऊ केलेला लो कार्बन पत्रा तसाच प्रेसमध्ये घातला, तर तो सगळीकडे एकदम ताणला जात नाही. आधी एक पट्टा सैल होतो, मग शेजारचा, आणि पट्ट्यांच्या कडा रेघांसारख्या दिसू लागतात. यांना ल्यूडर्स रेघा म्हणतात. त्या येऊ नयेत म्हणून पत्रा आधी स्किन पास मिलमधून काढतात. तिथे रोल त्याला हलकं दाबतात आणि तो किंचित लांब होतो. आमच्या या मालाला हे लांबणं, म्हणजे इलाँगेशन, ठरलं होतं ०.८ टक्के, म्हणजे एका मीटरमागे ८ मिलिमीटर. कमी पडलं तर रेघा परत येतात. जास्त झालं तर पत्रा कडक होतो आणि खोल ड्रॉइंगमध्ये, म्हणजे साच्यात खोल ओढताना, फाटतो.

मी लाइनच्या इन्स्ट्रुमेंटेशनला, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांकडे, होतो. तक्रारीतल्या कॉईलचे रेकॉर्ड काढले, तर इलाँगेशनची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत ०.८० वर सरळ. रेकॉर्ड चांगलं आणि पत्रा वाईट, असं एकाच वेळी खरं असू शकत नाही. मग मोजणाराच चुकत असणार, आणि मोजणारा माझ्या ताब्यातला होता.

आमच्याकडे मोजणी अशी होती. स्टँडच्या, म्हणजे दाबणारे रोल बसवलेल्या चौकटीच्या, आधी पत्र्याला वळवणारा एक डिफ्लेक्टर रोल, नंतर एक, दोघांच्या शाफ्टवर एन्कोडर. पत्रा रोलला वळसा घालून जातो, रोल फिरतो, एन्कोडर फेरे मोजतो, पीएलसी, म्हणजे लाइन चालवणारा संगणक, व्यासाने गुणून वेग काढतो. बाहेरच्या वेगातून आतला वेग वजा करायचा, आतल्याने भागायचं, की झालं इलाँगेशन. पत्रा आत १० मीटर प्रतिसेकंद येत असेल, तर बाहेर १०.०८ ने जातो. आपल्याला हवी असते ती फक्त या दोन मोठ्या आकड्यांमधली ०.०८ ची फट. दोनपैकी एक वेग ०.१ टक्क्याने चुकला, तर वेगाच्या मीटरवर ती चूक दिसणारही नाही, पण इलाँगेशन ०.८ चं ०.७ किंवा ०.९ होतं. ही गोष्ट मला पुस्तकी माहीत होती, पण तिचं वजन या तक्रारीपर्यंत कळलं नव्हतं.

"कॉईल संपत आली की" या शब्दांचा उलगडा आमच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरने केला. म्हणाले, "साहेब, त्यांच्याकडचा शेवट म्हणजे आपल्याकडची सुरुवात. आपण आधी गुंडाळतो ते आत राहतं, ते त्यांच्याकडे शेवटी उलगडतं."

खरंच होतं. कॉईलचे आतले वेढे म्हणजे आमच्या लाइनवर सर्वांत आधी गेलेला पत्रा, मिल वेग पकडत असतानाचा.

"काका, वेग वाढताना आतला रोल मागे पडत असेल?"

"गॅप उघडा ठेवून पत्रा नुसता पळवून बघा ना. रोल दाबतच नाहीत म्हटल्यावर दोन्हीकडे वेग सारखाच यायला हवा."

पुढच्या सगळ्या कामाचा पाया या एका वाक्याने घातला गेला. शटडाऊन संपताना एक टाकाऊ कॉईल लावली, पत्रा दाबणारे दोन्ही वर्क रोल त्याला लागणार नाहीत इतके लांब नेले, म्हणजे त्यांच्यातला गॅप उघडला, आणि लाइन चालू केली. पत्रा कुठेही दाबला जात नव्हता, आणि स्क्रीनवर स्थिर वेगाला ०.१२ टक्के इलाँगेशन दिसत होतं. वेग वाढत असताना तर आकडा ०.४ पर्यंत चढला. लाइन थांबवायला घेतली तेव्हा तो शून्याच्या खाली उतरला.

स्थिर ०.१२ चं कारण पाय (π) टेपने सापडलं. पाय टेप म्हणजे घेराला गुंडाळून थेट व्यास वाचायची पट्टी. पीएलसीत दोन्ही रोलचा व्यास ६००.० मिलिमीटर होता. आतला रोल भरला ५९९.९, बाहेरचा ५९९.२. झीज पाऊण मिलिमीटरच्या आसपास, डोळ्याला कळणार नाही अशी. पण बाहेरचा रोल लहान झाला की त्याच वेगाला जास्त फेरे घेतो, आणि पीएलसी समजतं की पत्रा अधिक वेगाने बाहेर पडतोय.

वेग वाढतानाच्या ०.४ चं कारण मी काकांना विचारलं होतं तेच निघालं. रोल जड असतो आणि पत्रा त्याला घर्षणाने ओढत नेतो. आतल्या बाजूला वळसा लहान आणि ताण कमी, म्हणून मिल वेग घेते तेव्हा तो रोल घसरतो आणि मागे पडतो. आतला वेग कमी दिसतो, म्हणून इलाँगेशन जास्त दिसतं. कंट्रोलरला वाटतं दाब जास्त झाला, तो दाब कमी करतो. रेकॉर्डवर आकडा ०.८० वर येऊन बसतो आणि प्रत्यक्षात पत्रा त्याच्या निम्म्यानेच लांबतो. आमची सरळ रेघ कंट्रोलरने चुकीच्या आकड्याचा इमानेइतबारे पाठलाग करून काढली होती.

व्यास दुरुस्त करणं दोन मिनिटांचं काम होतं. घसरणीला मात्र व्यासाचा इलाज नव्हता. रोल मोजायचं सोडून पत्राच मोजायला हवा होता.

पत्र्यावर टेकणारं मोजचाक आधीच बाद झालं. ते उडतं, तेही घसरतं, आणि या मालाच्या पृष्ठभागावर चाकाचा डाग चालत नाही. स्पर्श न करणाऱ्या पद्धती दोन-तीन आहेत. एकीत ठरावीक अंतरावर दोन डोळे बसवतात आणि पहिल्याने पाहिलेली पृष्ठभागाची नक्षी दुसऱ्याला किती वेळाने दिसली त्यावरून वेग काढतात. दुसरीत कॅमेऱ्यासमोरच्या जाळीतून सरकणारी नक्षी मोजतात. आम्ही तिसरी घेतली, लेझर डॉप्लर. लाटांचा उगम हलला की त्यांची वारंवारता बदललेली भासते, हा परिणाम ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ साली मांडला. लेझरने वेग मोजण्याचा पहिला प्रयोग ये आणि कमिन्स यांनी १९६४ मध्ये केला, तोही वाहत्या पाण्यावर. पोलादाच्या मिलमध्ये ही गोष्ट नंतर आली, आणि माझ्या मते ती इथेच सर्वांत जास्त उपयोगी पडते.

यंत्राचं तत्त्व मला ज्या रीतीने समजलं तसंच सांगतो. एकाच लेझरचे दोन किरण करायचे आणि पत्र्यावर किंचित कोनात एकमेकांना छेदू द्यायचे. छेदतात तिथे उजेड-अंधाराच्या समांतर पट्ट्या पडतात, कुंपणाच्या गजांसारख्या. दोन पट्ट्यांमधलं अंतर फक्त दोन गोष्टींवर ठरतं: लेझरची तरंगलांबी आणि किरणांमधला कोन. तरंगलांबी ७८० नॅनोमीटर आणि अर्धा कोन साडेतीन अंश धरला, तर अंतर येतं सुमारे ६.४ मायक्रॉन. पत्रा कितीही गुळगुळीत दिसला, तरी त्यावर बारीक खडबडीतपणा असतोच. त्यातला प्रत्येक उंचवटा गजांमधून जाताना चमकतो, विझतो, चमकतो. पत्रा १० मीटर प्रतिसेकंद धावत असेल, तर सेकंदाला सुमारे १५.६ लाख वेळा. ही लुकलुक मोजली आणि ६.४ मायक्रॉनने गुणली की पत्र्याचा वेग मिळतो.

यात व्यास कुठेच नाही, म्हणून झीज नाही. पत्रा चकचकीत असो की मळकट, लुकलुकीचा जोर कमी-जास्त होईल, पण तिची गती बदलणार नाही. पत्रा थोडा वर-खाली उडाला तरी किरण छेदतात त्या टापूत पट्ट्यांचं अंतर तेच राहतं. दिशा आणि पूर्ण थांबा ओळखण्यासाठी एका किरणाची वारंवारता ४० मेगाहर्ट्झने मुद्दाम सरकवलेली असते, त्यामुळे पट्ट्या स्वतःच धावत असतात. पत्रा उभा असताना नेमके ४० येतात. एका दिशेला गेला तर वाढतात, उलट गेला तर घटतात. हे कळलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता, आणि आजही नव्या मुलांना समजावताना तो होतो.

एक मेख आहे. लेझर डायोड तापला की तरंगलांबी सरकते, अंशाला साधारण पाव ते ०.३ नॅनोमीटर. ७८० मधले ०.३ म्हणजे जवळजवळ ०.०४ टक्के. आम्ही ज्या फटीच्या मागे लागलो होतो तिच्यासाठी हे पुष्कळ झालं. म्हणून डायोडचं तापमान आतून बांधलेलं असतं, आणि बाहेरून थंड पाणी द्यावं लागतं. पाण्याची लाइन ओढताना फिटरने विचारलं होतं की मोजायच्या डब्याला पाणी कशाला. प्रश्न रास्त होता, मी त्याला खाली बसवून सगळं सांगितलं.

जागा निवडण्यात आठवडा गेला. सोयीची जागा स्टँडलगत होती, केबलही जवळ. पण तिथे पत्र्याची वाट एकसारखी राहत नाही. रोल मिटले की पत्रा तिथून वळतो आणि उघडले की सरळ होतो. वाट बदलली की कोन बदलतो. मग स्टँडपासून जरा लांब, टेकूचा छोटा रोल आणि डिफ्लेक्टर रोल यांच्यामधली जागा धरली. दोन्ही टोकांना पत्रा रोलवर टेकलेला असल्याने गॅप मिटो की उघडो, वाट तीच. ब्रॅकेट स्टँडच्या हाउसिंगवर न घेता जमिनीपासून स्वतंत्र खांबावर उभे केले. काचेसमोर कोरडी, तेल नसलेली हवा फुंकायची सोय केली, कारण स्किन पासच्या फवाऱ्याची वाफ आणि लोखंडाची भुकटी काचेवर बसायला वेळ लागत नाही.

लेझर ३बी वर्गाचा, म्हणजे थेट डोळ्यात गेला तर इजा करणारा, आणि डोळ्यांना न दिसणारा. खाली चमकता पत्रा म्हणजे आरसाच. शटर, किल्ली, दिवा आणि जाळीच्या दाराला, ते उघडताच लेझर बंद करणारा इंटरलॉक बसल्याशिवाय मी कुणाला जवळ जाऊ दिलं नाही, चष्मा असला तरीही. दोन दिवस त्यात गेले आणि त्यावरून थोडी कुरबूर झाली.

मग पुन्हा तीच चाचणी. टाकाऊ कॉईल, गॅप उघडा. मी शून्याची वाट पाहत पल्पिटमध्ये, म्हणजे कंट्रोल केबिनमध्ये, उभा होतो. स्थिर वेगाला आकडा आला उणे ०.०६. वेग वाढताना एक फुगवटाही दिसला, सेकंदाला ५ मीटरच्या आसपास ०.१ चा.

एन्कोडरच्या मानाने हे कितीतरी बरं होतं, पण शून्य नव्हतं. उत्पादनवाल्यांचा आग्रह होता की ०.०६ मिळवून टाका आणि लाइन द्या. मी अडून बसलो. कारण माहीत नसलेली चूक मिळवून टाकली, की ती बदलली तरी आपल्याला पत्ता लागत नाही.

उणे ०.०६ ने मला एक रात्र झोपू दिलं नाही. कोनाचं गणित करत बसलो. सेन्सर पत्र्याच्या धावेशी बरोबर काटकोनात हवा. तो धावेच्या दिशेने पुढे-मागे झुकला, तर वेग त्या कोनाच्या कोसाइनने कमी दिसतो. १ अंशाला ०.०१५ टक्के, २ अंशांना ०.०६१. आकडा पाहिल्याबरोबर कळलं. दोन्ही सेन्सर आम्ही स्पिरिट लेव्हल लावून, अगदी काळजीने सपाट बसवले होते. आतल्या बाजूला पत्रा सपाट जातो. बाहेरच्या बाजूला मात्र तो टेकूच्या रोलवरून डिफ्लेक्टरकडे किंचित चढत जातो. सकाळी थांबलेल्या पत्र्यावरच लेव्हल ठेवली, चढ निघाला २ अंश. जमिनीला समांतर असलेला सेन्सर पत्र्याला समांतर नव्हता. ब्रॅकेटखाली पाचर घालून पत्र्याशी जुळवला.

फुगवट्याचं कारण शोधायला जास्त दिवस लागले. तो वेग वाढतानाच यायचा, आणि १० मीटरच्या जवळ निम्मा व्हायचा. घसरणीला तर आता जागाच उरली नव्हती. शेवटी कागदावर मांडलं: मिल सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद या दराने वेग घेते. एक सेन्सर दुसऱ्याच्या १० मिलिसेकंद मागचा वेग सांगत असेल, तर फरक पडेल ०.००५ मीटर प्रतिसेकंदाचा. ५ मीटरला तो ०.१ टक्का, १० मीटरला ०.०५. तंतोतंत जमलं. दोन्ही यंत्रं आपापल्या घड्याळाने सरासरी घेत होती. एकमेकांना जोडायची सिंक केबल खोक्यात तशीच पडून होती, कारण माहितीपत्रकात ती ऐच्छिक लिहिलेली होती. दोन वेगांची वजाबाकी करायची असेल तिथे ती ऐच्छिक नाही, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

तिसऱ्या धावेला आकडा शून्याच्या आजूबाजूला ०.०१ च्या आत राहिला, वेग वाढताना, स्थिर असताना आणि थांबतानाही. काकांनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "पण दाबल्यावर खरं सांगतोय कशावरून?"

प्रश्न योग्य होता. उघड्या गॅपमध्ये शून्य आलं म्हणजे दोन सेन्सर एकमेकांशी जुळले, एवढंच सिद्ध होतं. मग त्यांच्याच सांगण्यावरून जुनी पद्धत वापरली. रोल बदलायच्या आधीच्या शेवटच्या कॉईलवर, म्हणजे रोलवर ओरखडा उमटला तरी चालेल अशा वेळी, थांबलेल्या पत्र्यावर बरोबर २००० मिलिमीटरवर दोन बारीक रेघा ओढल्या. पत्रा सावकाश दाबून बाहेर काढला, तुकडा कापून टेबलावर पसरला आणि अंतर पुन्हा मोजलं. २०१६.० आलं. म्हणजे ०.८० टक्के. लेझर सांगत होता ०.८२.

दोन-तीन तुकडे केले, दर वेळी लेझर ०.०२ च्या आसपास जास्त. आता कोन आणि वेळ दोन्ही बरोबर होते. या वेळी उत्तर लवकर सापडलं, कारण शोधायची सवय झाली होती. टेबलावरचा पत्रा सैल असतो, लाइनवरचा ताणलेला. आमच्याकडे आत ताण ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर होता, बाहेर ७०. फरक ४०. पोलादाचा लवचिकता गुणांक सुमारे २ लाख, त्याने भागलं की ०.०००२, म्हणजे ०.०२ टक्के. बाहेरचा पत्रा रबरासारखा तेवढा जास्त ताणलेला होता, आणि सोडल्यावर परत आखडत होता. लेझर चुकत नव्हता, तो ताणासकट मोजत होता. उघड्या गॅपमध्ये हे दिसलं नाही, कारण रोलची पकड नसल्यावर दोन्ही बाजूंचा ताण एकच होतो. पीएलसीत ताणाचे आकडे आधीपासून होतेच. त्यावरून ही दुरुस्ती लिहून टाकली.

सगळ्या कामात मला सर्वांत जास्त समाधान या ०.०२ ने दिलं. एन्कोडरच्या काळात ते गोंगाटात बुडून गेलं असतं.

कंट्रोल लेझरवर घेतल्यानंतरच्या पहिल्या कॉईलला दाबाचा आलेख वेगळाच दिसला. पूर्वी वेग वाढताना दाब खाली जायचा. आता तसा खड्डा पडत नव्हता. त्या कॉईलच्या आतल्या वेढ्यांचे तुकडे ग्राहकाने दाबून पाहिले आणि पॅनेल स्वच्छ निघाले. त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट कळली, जी त्यांनी आधी लिहिली नव्हती: बाहेरचे पहिले काही वेढे कधीकधी ड्रॉइंगमध्ये तडकायचे. ती आमची लाइन थांबतानाची बाजू. तिथे आतला रोल पुढे धावायचा, इलाँगेशन कमी दिसायचं आणि कंट्रोलर जास्त दाबायचा. तेही थांबलं.

पुढे शेजारच्या, पत्रा पुढे-मागे नेत पातळ करणाऱ्या रिव्हर्सिंग मिलला हीच यंत्रं लागली, पण तिथे काम वेगळं आहे. रुंदी बदलत नसल्याने आतली जाडी गुणिले आतला वेग हे बाहेरची जाडी गुणिले बाहेरचा वेग यांच्याबरोबर असतं. २ मिलिमीटर जाडीचा पत्रा ५ मीटरने आत जाऊन १० मीटरने बाहेर पडत असेल, तर तो १ मिलिमीटर आहे. एक्स-रे गेज रोलपासून लांब असल्यामुळे जाडी उशिरा सांगतं, वेगाच्या हिशेबाला थांबावं लागत नाही. तिथलं तेल-पाण्याचं इमल्शन मात्र काचेची फार परीक्षा घेतं. हॉट मिलमध्ये काम करणारे मित्र सांगतात की त्यांच्याकडे वाफ आणि पत्र्यावर साचलेलं पाणी हाच खरा शत्रू, पाणी पत्र्यापेक्षा वेगळ्या वेगाने वाहतं आणि लेझर पाण्यालाच मोजू लागतो.

एन्कोडर आम्ही काढले नाहीत. काच मळली, पत्र्याचं टोक निघून गेलं, सिग्नल तुटला, तर पीएलसी क्षणात एन्कोडरवर जातं. स्थिर वेगाला लेझरशी ताडून रोलचा खरा व्यास ते स्वतःच शिकत राहतं, त्यामुळे पाय टेप आता क्वचितच निघते. दर रोल बदलानंतर दोन मिनिटं गॅप उघडा ठेवून पत्रा पळवतात आणि शून्य वहीत लिहितात.

लेझर आणि एन्कोडर यांच्यातला फरकही आता आम्ही वेगळा नोंदवतो. मध्यंतरी वेग वाढतानाचा बाहेरच्या बाजूचा फरक आठवडाभर हळूहळू वाढत गेला. पूर्वी त्या रोलला घसरण जवळपास नव्हती. फरक ०.०९ ला पोहोचल्यावर रोल काढला. ड्राइव्ह बाजूच्या बेअरिंगमधलं ग्रीस वाळून दगड झालं होतं, रोल हाताने फिरवायला दोन माणसं लागली.